उसने रक्त

आवडत्या लेखकाविषयी लिहायला बसले की आपण त्याच्याविषयी लिहीत आहोत की त्याला ज्या वयात वाचले त्या वयाविषयी, हे नीट उमगत नाही. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या बाबतीत आमची अडचण याहून थोडी गुंतागुंतीची आहे. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक, एकाच महाविद्यालयात शिकवतो आणि एकाच घरात राहतो. वर्गात आम्ही मर्ढेकर शिकवतो, जी. ए. शिकवतो, दलित आत्मकथने शिकवतो. वीस वर्षांच्या अध्यापनात धारपांचे नाव आमच्या तोंडून वर्गात क्वचितच निघाले असेल. घरातील कपाटात मात्र खालचे दोन कप्पे त्यांचेच आहेत. लग्नानंतर दोघांची पुस्तके एकत्र लावताना जी पुस्तके दुहेरी निघाली त्यांत सर्वांत अधिक धारपांची होती, आणि 'लुचाई'च्या तर तीन प्रती होत्या. तिसरी कुठून आली हे अद्याप कळलेले नाही. (भयकथेच्या वाचकांनी यात काही पाहू नये. बहुधा कुणाला तरी परत करायची राहून गेली असावी.)

'लुचाई' ही रक्तपिपासू पिशाचांची कादंबरी. 'व्हँपायर' या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही, आणि तो नसणे ही साधी गोष्ट नाही. 'रक्तपिपासू' हे विशेषण आहे, आणि मराठीत ते आपण भुतापेक्षा सावकाराला, नाहीतर एखाद्या जुलमी राजाला अधिक लावत आलो आहोत. आपली भुते रक्तावर जगत नाहीत. मुंज झाल्यावर आणि सोडमुंज होण्याआधी मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, काही भागांत तिला अळवंत म्हणतात. वासना धनात अडकली की समंध होतो. प्रत्येकामागे एक अपुरेपण आहे, आणि बहुतेकदा त्या अपुरेपणाला जिवंत माणसे जबाबदार आहेत. म्हणूनच अंगात आलेल्या भुताला आपल्याकडे आधी विचारतात, 'तू कोण? तुला काय पाहिजे?' मागणे ऐकून घेतात, नैवेद्य कबूल करतात, घासाघीस करतात. या सगळ्या व्यवहारात भूत हा एक पक्षकार असतो. त्याची काही बाजू असू शकते, हे गृहीत असते.

व्हँपायरची बाजू नसते, भूक असते. आणि दुसरे असे की तो संसर्गजन्य आहे. मुंज्याने धरलेला माणूस मुंजा होत नाही, परंतु व्हँपायरने चावलेला माणूस व्हँपायर होतो, आणि मग तो सर्वांत आधी आपल्याच घराचा दरवाजा ठोठावतो. या परक्या पाहुण्याला मराठी घरात आणून बसवणे सोपे नव्हते. ते धारपांनी करून दाखवले. कसे दाखवले ते आम्ही येथे सांगणार नाही, कारण भयकादंबरीचे कथानक सांगणे हा ती न वाचलेल्या वाचकाशी केलेला द्रोह आहे, आणि आमच्या वाचकांपैकी अनेकांनी ती वाचली नसावी अशी आमची समजूत आहे.

आमच्यातील एकाने 'लुचाई' वाचली ती शाळेत असताना, साकीनाक्याला. अंधेरी–कुर्ला रस्त्याच्या आतल्या अंगाला एक खाजगी वाचनालय होते: दोन लाकडी मांडण्या, खाकी कागदाचे वेष्टन घातलेली पुस्तके, पाठीवर शाईने लिहिलेले क्रमांक, महिन्याची वर्गणी. तिथे पुस्तकांचे नाव कुणी घेत नसे. 'धारप आहे का नवा?' असे विचारत. लेखक हाच पुस्तकाचा प्रकार होता. दुसरीने तीच कादंबरी वाचली कोकणातल्या एका गावी, मे महिन्यात, आजोळच्या माडीवर, वीज गेलेली असताना. तिच्या मते भयकथेचे खरे वाचन फक्त असेच होऊ शकते, आणि साकीनाक्याला वाचलेला धारप हा अर्धाच वाचलेला असतो.

या आक्षेपात तथ्य आहे. साकीनाक्याला अंधार होतच नाही. खैरानी रस्त्यावरील गाळ्यांमध्ये रात्रपाळीला यंत्रे चालू असतात, डोक्यावरून विमाने इतकी खालून जातात की बोलणे मध्येच थांबवावे लागते, आणि २०१४ साली वर्सोवा–घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून तर रस्त्यालाही वरचा मजला आला आहे. येथे पिंपळ आहेत, पण मुंज्याला बसायला निवांत फांदी नाही. एखादा चिकित्सक समीक्षक म्हणेल की खरा व्हँपायर येथेच आहे. मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात कामाच्या दिवसाविषयी लिहिताना भांडवलाला जिवंत श्रमावर जगणाऱ्या मृत श्रमाची, म्हणजे व्हँपायरचीच उपमा दिली आहे, आणि रात्रपाळीहून परतणारे चेहरे सकाळी सहाला पाहिले की ती उपमा राहत नाही. परंतु हे रूपक वापरून वापरून इतके गुळगुळीत झाले आहे की आम्ही ते येथेच ठेवून पुढे जातो. आम्हांला बोलायचे आहे ते वेगळ्याच रक्ताविषयी.

'लुचाई' स्टीफन किंग यांच्या 'सालेम्स लॉट' या १९७५ सालच्या कादंबरीवर बेतलेली आहे. धारपांच्या जाणत्या वाचकांत ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यांची 'शपथ' किंगच्या 'इट'वरून आली, हेही तसेच. शाळकरी वयात आम्हांला किंग हे नावदेखील ठाऊक नव्हते, आणि ज्या वाचनालयांतून धारप फिरत होते तिथल्या बहुतेक वर्गणीदारांनाही ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पुढे ते कळले, तेव्हा आम्ही दोघांनी खांदे उडवले. मराठी साहित्य शिकवणाऱ्याला रूपांतराचे नवल वाटू नये. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले ते १८८३ साली. देवलांचे 'संशयकल्लोळ' मोलिएरच्या प्रहसनातून मर्फीच्या इंग्रजी नाटकावाटे मराठीत आले, आधी 'फाल्गुनराव' म्हणून आणि मग १९१६ साली पदांसह, आणि आज त्या फाल्गुनरावाला कुणी फ्रेंच म्हणणार नाही. 'सालेम्स लॉट' ज्या वर्षी छापली गेली त्याच १९७५ साली मराठी रंगभूमीवर शॉच्या 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' झाली. आपल्या भाषेचे निम्मे वैभव असे उसने आणून घरचे केलेले आहे.

हा प्रश्न पुन्हा दारात आला तो एका विद्यार्थिनीमुळे. ती एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, चांदिवलीच्या बाजूला राहते, आणि शोधप्रकल्पासाठी तिने 'लुचाई' निवडली. अशी निवड करणारी आमच्या विभागातील ती पहिलीच. ज्यांच्यापुढे विषय मंजुरीसाठी जातात त्या मंडळींपैकी एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी दोन आक्षेप घेतले. एक, हे साहित्य नव्हे. दोन, हे त्यांचे स्वतःचे नव्हे. पहिल्या आक्षेपाला उत्तर देण्याची तयारी आम्ही वीस वर्षे करीत होतो. दुसऱ्याने आम्ही थोडे गप्प झालो, कारण त्याच आठवड्यात आम्ही तिच्याच वर्गाला वाङ्मयचौर्याचे नियम समजावून दिले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम असे सांगतात की प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, दहा ते चाळीसपर्यंत असेल तर ठराविक मुदतीत सुधारून पुन्हा सादर करायचे, चाळीस ते साठपर्यंत असेल तर वर्षभर सादर करायला बंदी, आणि साठच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. मुलीने हात वर करून विचारले होते, 'सर, धारपांचे किती टक्के भरतील?' वर्ग हसला. प्रश्न चेष्टेचा नव्हता. खरे उत्तर असे की शून्य भरतील, कारण साम्य मोजणारी आज्ञावली शब्दाला शब्द लावून पाहते, आणि इंग्रजीतील शब्दाला मराठीतील शब्द लागत नाही. भाषा बदलली की त्या यंत्राला रक्ताचा वास येत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोन्ही कादंबऱ्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. एकाने 'लुचाई'चे प्रकरण वाचायचे, दुसरीने किंगचे, आणि रात्री जेवणानंतर अदलाबदल. हे वाचन आनंदाचे झाले असे म्हणवत नाही. पहिल्या वाचनात जी माणसे आमच्या मनात पक्की मराठी होऊन बसली होती, त्या प्रत्येकाच्या चेहऱ्यामागे दुसरा एक चेहरा हलताना दिसू लागला. आणि नेमकी हीच तर व्हँपायरकथेतील भीती आहे! ओळखीचे नाक, ओळखीचे डोळे, ओळखीचा आवाज, आणि आत फिरणारे रक्त दुसऱ्या कुणाचे तरी.

किंगची कादंबरी मात्र, धारपांमुळे का होईना, आम्ही त्या पंधरवड्यात प्रथमच नीट वाचली, आणि ती आम्हांला वाटली होती त्यापेक्षा कितीतरी संदिग्ध निघाली. मेन राज्यातले एक छोटे गाव. टेकडीवर एक बदनाम घर. बेन मिअर्स हा लेखक लहानपणीच्या या गावी पुस्तक लिहायला परततो, आणि त्याच सुमारास बार्लो नावाचा कुणी ते घर घेतो. वरवर पाहता चांगले विरुद्ध वाईट असा सरळ सामना आहे. परंतु बार्लो येण्याच्या आधीपासून हे गाव निष्पाप नाही. तान्ह्या मुलाला मारणारी आई तिथे आहे, चोरटे व्यभिचार आहेत, दारू आहे, एकमेकांच्या घरांवर नजर ठेवणे आहे, आणि सर्वांना सर्व ठाऊक असूनही कुणी काही न बोलणे आहे. बार्लोला फार कष्ट पडत नाहीत. आपल्या काळातील राजकारणाची, वॉटरगेट प्रकरणातून रोज बाहेर येणाऱ्या गुपितांची छाया या कादंबरीवर आहे असे किंगने पुढे स्वतःच लिहिले. १९७५ हे साल आपल्याकडे कशाकरिता स्मरणात आहे ते सांगायला नको.

आणि मग मारणे. व्हँपायरला दिवसा, तो झोपलेला असताना मारायचे असते. म्हणजे निःशस्त्र असताना, आणि तो झोपेत अगदी आपला शेजारीच दिसत असताना. बेनचे जिच्यावर प्रेम आहे त्या सूझनच्या छातीत खुंटी ठोकण्याचे काम बेनलाच करावे लागते. किंग हा प्रसंग वीरश्रीचा होऊ देत नाही. हातोडा उचलणाऱ्याचा हात थरथरतो, आणि वाचकाचाही. शेजारी कोणत्या क्षणी शेजारी राहत नाही, आणि ते कुणी ठरवायचे? 'हा आता माणूस उरलेला नाही' हे वाक्य इतिहासात ज्यांनी ज्यांनी उच्चारले त्यांतले बहुतेक काही व्हँपायर मारायला निघालेले नव्हते. मुंबईत १९९२–९३ चा हिवाळा पाहिलेल्या माणसाला हे प्रकरण निव्वळ करमणुकीसाठी वाचता येणार नाही. आम्ही तेव्हा शाळेत होतो, परंतु कोणत्या इमारतीच्या दारावरील नावाच्या पाट्या त्या दिवसांत काढून ठेवल्या होत्या हे आमच्यातील एकाला आजही आठवते.

सर्वांत अधिक आम्ही थांबलो ते फादर कॅलहॅन या पाद्र्यापाशी. बार्लोने मार्क या मुलाला धरले आहे. कॅलहॅनच्या हातात क्रूस आहे, त्यातून प्रकाश बाहेर पडतो आहे. बार्लो सौदा मांडतो: मुलाला सोडतो, मग तू क्रूस बाजूला टाक, आणि माझ्यासमोर नुसता ये, तुझी श्रद्धा आणि मी. मुलगा सुटतो. कॅलहॅन क्रूस टाकत नाही, त्याला धीर होत नाही. आणि त्याने तो घट्ट धरल्यामुळेच त्यातला प्रकाश विझत जातो, कारण त्याचा विश्वास आता ईश्वरावर नसून हातातील वस्तूवर आहे, हे त्या वस्तूला जणू कळते. बार्लो क्रूस काढून घेतो आणि मोडून टाकतो. पुढे कॅलहॅनला आपल्याच चर्चच्या दाराचा चटका बसतो, आणि तो गाव सोडून बसने निघून जातो. इतक्या लोकप्रिय कादंबरीत श्रद्धेविषयी इतके निर्दय आणि इतके अचूक लिहिलेले आम्ही फारसे वाचलेले नाही. धारपांच्या समर्थकथांवर वाढलेल्या वाचकाला तर हा धक्काच आहे. समर्थ येतात तेव्हा संकट टळते, निदान ते टाळणारी एक शक्ती जगात आहे एवढा दिलासा राहतो. अप्पा जोशींच्या शेजारी बसून आपण निश्चिंतपणे भिऊ शकतो. किंगच्या गावात समर्थ नाहीत.

येथे आमच्यातील मतभेद सुरू होतो. तो अद्याप मिटलेला नाही, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

एकाचे म्हणणे असे. रक्तपिपासूची कथाच मुळात उसनवारीची आहे. इंग्रजी गद्यातील पहिली गाजलेली व्हँपायरकथा १८१९ साली एका मासिकात बायरनच्या नावाने प्रसिद्ध झाली. ती लिहिली होती बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी याने, तीही १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी बायरनने सुरू करून सोडून दिलेल्या एका तुकड्यावरून. त्यातील व्हँपायर म्हणजे खुद्द बायरनच होता हे जाणत्यांना दिसत होते, आणि त्याचे 'रुथवेन' हे नाव कॅरोलाइन लॅम्ब यांच्या कादंबरीतून उचललेले होते. त्यातही बायरनवरच निशाणा साधलेला! म्हणजे पहिल्याच दंशात कुणी कुणाचे रक्त घेतले ते सांगता येत नाही. पुढे ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' १८९७ साली आली. तिच्यावरून मुर्नाव या दिग्दर्शकाने १९२२ साली परवानगी न घेता 'नोस्फेरातू' हा मूकपट केला, नावे बदलून. स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स न्यायालयात गेली आणि जिंकली. १९२५ साली चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही प्रती उरल्या, हे आपले भाग्य. आता यातली खरी गंमत पाहा. सूर्यप्रकाश अंगावर पडताच व्हँपायर नाहीसा होतो, हे आज शाळकरी पोरही सांगते. परंतु स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसा लंडनमध्ये हिंडतो, त्याच्या शक्ती तेवढ्या उणावतात. उन्हाने मरणारा व्हँपायर हे त्या चोरट्या चित्रपटाचे योगदान आहे. मूळ कृतीत जे नव्हते आणि पुढे जे मूळच वाटू लागले, ते नकलेने दिले. किंगनेही आपली कादंबरी कुठून आली ते लपवलेले नाही. शाळेत 'ड्रॅक्युला' शिकवताना, हा सरदार विसाव्या शतकात अमेरिकेत आला तर, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्यातून हे गाव उभे राहिले. मग धारपांनाच तेवढे पिंजऱ्यात का उभे करायचे?

दुसरीचे म्हणणे असे. पॉलिडोरी, मुर्नाव, किंग ही रांग ऐकायला सुरेख आहे, परंतु तिच्यात एक फट आहे. किंगने स्टोकरचे बीज घेतले, झाड आपले वाढवले, आणि बीज कुणाचे ते सांगितले. देवलांच्या प्रेक्षकाला मोलिएर ठाऊक नसेल, पण देवल आणि त्यांचा मूळ लेखक यांच्यात शतकांचे अंतर होते. येथे मूळ लेखक समकालीन होता, धारपांहून बावीस वर्षांनी लहान. १९५७ च्या आपल्या कायद्यातदेखील रूपांतराचा हक्क मूळ लेखकाचाच मानलेला आहे. किंगचे मराठीत काहीही नुकसान झाले नसेल, हे कबूल. त्याचा हिशेब तिला करायचाच नाही. तिचा प्रश्न वाचकाचा आहे. वाचनालयातून पुस्तक नेणाऱ्या ज्या हजारो वाचकांनी धारपांना आपले मानले, त्यांच्याशी लेखकाचे जे नाते जुळले त्यात एक तिसरा माणूस होता, आणि तो त्यांना दिसत नव्हता. आवडता लेखक म्हणजे अखेर काय? ज्याचा आवाज आपण ओळखतो तो. मग त्या आवाजात कुणाचा किती भाग आहे हे कळण्याचा वाचकाचा हक्क नाही काय?

एकाने यावर विचारले, 'कळले असते तर तू वाचली नसतीस?' ती म्हणाली, 'वाचली असती. अधिक वाचली असती. मग किंगही वाचला असता, तेव्हाच.'

या उत्तरापाशी वाद थोडा वेळ थांबतो. मराठी शाळेत शिकलेल्या, इंग्रजीची धास्ती असलेल्या मुलीला पंधराव्या वर्षी किंग वाचता आला असता की नाही, हा प्रश्न उरतोच. ज्या वयात आम्हांला किंग मिळणे शक्य नव्हते त्या वयात धारपांनी तो आमच्या हातात ठेवला, साध्या, स्वच्छ मराठीत. त्यांच्या गद्यात अलंकार जवळजवळ नाहीत. एखादा शहाणासुरता, हिशेबी माणूस आपल्याला आलेला अनुभव शक्य तेवढ्या अचूकपणे सांगू पाहतो आहे असा तो स्वर आहे, आणि तो स्वर किंगचा नाही. किंग बोलघेवडा आहे. बाजारात मिळणाऱ्या वस्तूंची नावे, गाणी, शिव्या, गावगप्पा यांनी त्याचे पान भरलेले असते. धारप ते सर्व गाळतात. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवल्यावर एकाला हे गाळणेच निर्मितीचे वाटते. दुसरी म्हणते, गाळून उरले ते गाळणाऱ्याचे होत नाही, पण गाळणी कुणाची होती हे मात्र आपण शिकवायला हवे. असो. जेवणे यामुळे थंड होतात.

या उसनवारीचा ओघ पुढेही वाहिलाच. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटामागे धारपांची 'आजी' ही कथा आहे, आणि त्या कथेचे नाते किंगच्या 'ग्रॅमा'शी आहे. चित्रपटाचे नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'मधून आले. अमेरिकेतील एका मुलाची मरणोन्मुख आजी मराठीत आली, तिथून हिंदी चित्रपटात गेली, आणि तिथे ती पुण्याजवळच्या पावसात भिजून, लोभाच्या पुराणकथेत मिसळून इतकी वेगळी झाली की आता ती कुणाची नात आणि कुणाची आजी हे सांगणे कठीण. आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी धारपांचे नाव प्रथम ऐकले ते या चित्रपटामुळे. साकेत प्रकाशनाने काढलेल्या नव्या आवृत्त्या आता त्यांच्या हातांत दिसतात, खाकी वेष्टनाशिवाय.

आणि निमंत्रणाचा नियम. व्हँपायर बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडू शकत नाही. किंगच्या कादंबरीत मृत डॅनी रात्री मार्कच्या खिडकीबाहेर येऊन आत घेण्याची विनवणी करतो. मार्क बारा वर्षांचा आहे, राक्षसांच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती जमवणारा, भयकथा वाचणारा. त्यामुळे काय करायचे हे त्याला ठाऊक असते. तो खेळण्यातल्या स्मशानातील चिमुकला क्रूस उचलतो आणि वाचतो. मोठी, शिकलेली माणसे मात्र हे असले काही नसते असे एकमेकांना पटवण्यात दिवस घालवतात. मॅट बर्क हा म्हातारा शिक्षक आजारी दिसणाऱ्या एका तरुणाला सद्भावनेने आपल्या घरी झोपायला आणतो, आणि रात्री त्या पाहुण्याच्या खोलीतून कुणाला तरी आत बोलावले गेल्याचे ऐकतो. गावात काय चालले आहे ते सर्वांत आधी समजणारा तोच, आणि ज्याच्या छपराखाली ते निमंत्रण दिले गेले तोही तोच. शिक्षकी पेशातील माणसाने हे प्रकरण एकट्याने वाचू नये.

आम्ही हे सारे त्या मुलीला सांगितले नाही. तिला फक्त किंगची कादंबरी वाच म्हणालो. फाउंटनच्या पदपथावर तिला एक जुनी प्रत मिळाली. इंग्रजी कादंबरी सलग वाचण्याचा तिचा हा पहिलाच प्रसंग. मेट्रोत उभ्याने वाचते, अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारते, आणि आठवड्यातून एकदा त्या रेघा घेऊन आमच्याकडे येते. तिसऱ्या आठवड्यात तिने सांगितले, 'मॅडम, मला आधी धारपांचा राग आला. मग किंग वाचताना धारपांची आठवण यायला लागली. म्हणजे मला इंग्रजीतली वाक्ये त्यांच्या आवाजात ऐकू येतात.' आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. पाहिले असते तर दोघांनाही आपापलेच म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटले असते.

विषयाला मंजुरी मिळाली, एका अटीवर: शीर्षकातच मूळ कृतीचा उल्लेख हवा. ही अट योग्यच आहे. अडले आहे ते एका शब्दावर. 'सालेम्स लॉट' आणि 'लुचाई' यांच्या मधल्या जागेत काय लिहायचे? 'अनुवाद' हा शब्द नाही बसत. 'रूपांतर' म्हटले तर एकाचे समाधान होते. 'आधारित' म्हटले तर ते वकिलाचे वाटते. दुसरीने 'ऋण' सुचवला. त्यावर ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले की ऋण म्हटले की फेड आली, ती कुठे दाखवणार? मुलीने वहीत चार शब्द एकाखाली एक लिहून ठेवले आहेत, आणि तिसऱ्या प्रकरणाचा कच्चा मसुदा येत्या शनिवारी आणते म्हणाली आहे.